कचेरीच्या मराठीतील इंग्रजी वाक्संप्रदाय : माढा तालुक्याच्या निमित्ताने

इंग्रजीचा मराठीवर झालेला परिणाम मोजू लागले की अभ्यासकाची दृष्टी बहुधा शब्दांवर खिळते. टेबल, फाईल, नोटीस, ऑर्डर हे शब्द डोळ्यांना दिसतात. त्यांची मोजदाद करता येते, याद्या करता येतात, आणि वाटल्यास त्यांना हद्दपार करण्याचे ठरावही करता येतात. वाक्संप्रदायाचे तसे नाही. इंग्रजी वाक्संप्रदाय मराठीत येतो तो बहुधा मराठी शब्दांचा पोशाख करूनच येतो, आणि म्हणून त्याच्या परकेपणाची शंका सहसा कोणास येत नाही. ‘काळ्या यादीत टाकणे’, ‘हिरवा कंदील दाखवणे’, ‘कारणे दाखवा नोटीस’, ‘श्वेतपत्रिका काढणे’ यांतील बहुतेक शब्द घरचे किंवा शतकानुशतके घरचे झालेले आहेत. परकी आहे ती त्यांची जुळणी. तथापि परकी म्हणून ती सर्वच त्याज्य ठरत नाही. यांतील काही प्रयोग कचेरीत काम करणाऱ्यांच्या तोंडी इतके सहज बसले आहेत की ते काढून टाकले तर भाषा लुळी पडेल. उलट काही प्रयोग नियमाने छापले जातात, पण कोणाच्याही जिभेवर येत नाहीत. असे का व्हावे, हा येथील प्रश्न आहे.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुका या प्रश्नाच्या विचाराला सोयीचा आहे, कारण तेथे कामाची दोन भिन्न ठाणी दीड शतकाहून अधिक काळ शेजारी शेजारी नांदत आली आहेत. एक माढा गावातील महसुली कचेरी. दुसरे कुर्डुवाडीचे रेल्वे जंक्शन. महसुली कचेरीची भाषा इंग्रजी अमलातही तळाशी मराठीच राहिली. जिल्ह्याच्या वरचा पत्रव्यवहार इंग्रजीत गेला, तरी गावचे नमुने, पीकपाहणी, फेरफार, पंचनामा, जबाब हे सर्व मराठीत, आणि दीर्घकाळ मोडीत, लिहिले जात होते. रेल्वेची गोष्ट याच्या नेमकी उलट. तेथे काम आणि कामाची भाषा ही दोन्ही एकदमच बाहेरून आली. जुन्या भाषेत जागा शोधण्याचा प्रश्न नव्हता. कारण ते काम जुन्या आयुष्यात नव्हतेच.

वाक्संप्रदाय म्हणजे लक्षणेचा एक प्रकार, हे आपल्याकडील अर्थविचाराला नवे नाही. मम्मटाने लक्षणेस तीन गोष्टी आवश्यक मानल्या : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी लक्ष्यार्थाचा काही संबंध म्हणजेच तद्योग, आणि रूढी अथवा प्रयोजन. भाषांतरित वाक्संप्रदायाची परीक्षा या तीन कसोट्यांवर केली, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. भाषांतर करणारा पहिली गोष्ट अनायासे आणतो. शब्दशः अर्थ लागत नाही, एवढे ऐकणाऱ्याला कळते. रूढी कालांतराने, वापराने, प्रसंगी शासकीय आदेशानेही निर्माण होऊ शकते. मधला तद्योग मात्र भाषांतराने आणता येत नाही. तो ऐकणाऱ्याच्या जगात आधीच असावा लागतो, नाही तर तो वाक्संप्रदाय कोड्यासारखा ऐकू येतो.

‘हिरवा कंदील दाखवणे’ हा प्रयोग या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. इंग्रजीत ‘ग्रीन लाइट’ देतात. हिंदुस्थानातील इंग्रजीत ‘ग्रीन सिग्नल’ देतात. मराठीने प्रकाशही घेतला नाही आणि सिग्नलही घेतला नाही, कंदील घेतला. निव्वळ भाषांतर असते, तर ‘हिरवा दिवा’ किंवा ‘हिरवा प्रकाश’ झाला असता. कंदील येण्याचे कारण ज्याने जुनी स्थानके पाहिली आहेत त्याला सांगावे लागत नाही. १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग सोलापूरपर्यंत पोहोचला. आजच्या कुर्डुवाडीस तेव्हा ‘बार्शी रोड’ असे नाव होते. १८९७ मध्ये तेथून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद गाडी सुरू झाली, आणि त्या रेल्वेमुळे पुढे कारखान्याचे गाव म्हणूनही कुर्डुवाडीची ओळख झाली. रात्रीच्या गाडीला वाट देणारा माणूस, त्याच्या हातातला तांबड्या-हिरव्या काचांचा कंदील, आणि तो हिरवा होताच हलणारी गाडी हे दृश्य या भागातील दोन-तीन पिढ्यांनी डोळ्यांनी पाहिले. तद्योग पुस्तकातून आलेला नाही. तो फलाटावर उभा होता. म्हणून या प्रयोगास इंग्रजीचे भाषांतर म्हणण्यापेक्षा एकाच वस्तूवरून दोन भाषांनी स्वतंत्रपणे काढलेली लक्षणा म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. एक लहानसा तपशील या मताला पूरक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात ब्रिटनमधील रेल्वेमार्गांवर वाट मोकळी असल्याची खूण पांढरा दिवा ही होती, आणि हिरवा दिवा सावधगिरीचा मानला जाई. हिरव्याला आजचा अर्थ त्या शतकाच्या अखेरीस मिळाला. अर्थात अनुमतीचा हा वाक्संप्रदाय त्याहून जुना असणे कठीण आहे. तो रेल्वेच्या रूढीबरोबर घडत गेला.

याच कुळातील आणखी दोन प्रयोग आहेत. महत्त्वाच्या जागेवरून दूर केलेल्या अधिकाऱ्याला ‘सायडिंगला टाकले’ असे म्हणतात, आणि वरून अडथळा उरला नाही की ‘लाइन क्लिअर’ मिळते. हे शब्द इंग्रजीच आहेत, त्यांचे मराठीकरण कोणी केलेले नाही, आणि तरीही हे प्रयोग पक्के मराठी आहेत. उलट पूर्णपणे मराठी शब्दांनी बनलेला ‘दिवसाच्या शेवटी’ हा प्रयोग मराठी नाही, हे पुढे दिसेल.

आता महसुली कचेरीकडे वळू. इंग्रजीत सरकारी विलंबाला ‘रेड टेप’ म्हणतात, ते कागदांच्या गठ्ठ्यांना बांधल्या जाणाऱ्या तांबड्या फितीवरून. मराठीने याचे ‘लालफीत’ केले, त्याला ‘शाही’ जोडून ‘लालफीतशाही’ही केली. हा शब्द मेलेला नाही. वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत तो सुखाने नांदतो. पण ज्याचा कागद अडला आहे तो माणूस कचेरीच्या पायरीवर बसून ‘लालफीत’ म्हणत नाही. त्याच्या तोंडी येते ती दप्तरदिरंगाई. याचेही कारण वस्तूंमध्ये आहे. मराठी कचेरीत कागद फितीने नव्हे, तर कापडाने बांधले जात. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद आजही रुमालांनीच मोजले जातात. दप्तर, रुमाल, बासन ही आपली सामग्री. दप्तर हा शब्द फारसीतून आला, आणि फारसीत तो मुळात ग्रीकांकडून गेला. दिरंग म्हणजे विलंब, हाही शब्द फारसीच. म्हणजे दप्तरदिरंगाई हा शब्द वंशाने ‘लालफीत’पेक्षा अधिक देशी मुळीच नाही. तो अधिक जिवंत आहे, एवढेच. आणि जिवंत आहे तो शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पाठीवर अजून दप्तर आहे म्हणून. सरकारी बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध यांसाठी महाराष्ट्राने २००५ चा अधिनियम केला. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे बंधन त्याने घातले. अधिनियमाच्या लांबलचक नावात हा शब्द नाही. पण लोकांनी त्या कायद्याचे नाव ‘दप्तरदिरंगाई कायदा’ असेच ठेवले. ‘लालफीत कायदा’ कोणी म्हटले नाही.

‘शेल्फ करणे’ किंवा ‘कोल्ड स्टोरेजमध्ये टाकणे’ यांबाबतही हेच दिसते. एखाद्या समितीचा अहवाल ‘शीतगृहात’ गेल्याचे कधी कधी वाचावयास मिळते. परंतु शीतगृहात माल टिकावा म्हणून ठेवतात, हे द्राक्षे-डाळिंबे पिकवणाऱ्या सोलापूर जिल्ह्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. तेथील वाचकाला हा प्रयोग अहवालाची काळजी घेतल्यासारखा ऐकू आला, तर दोष त्याचा नव्हे. मराठीत अहवाल ‘बासनात गुंडाळून ठेवतात’. आदराने गुंडाळतात आणि पुन्हा सोडत नाहीत. या प्रयोगातील उपरोध शीतगृहाला साधलेला नाही.

लाचेच्या वाक्संप्रदायांचा एक स्वतंत्र अभ्यास होऊ शकेल. ‘टेबलाखालून’ हा प्रयोग इंग्रजीवरून आला आणि स्थिरावला, कारण बैठक आणि उतरते मेज जाऊन कचेरीत टेबल आले होते. तथापि ‘कागदावर वजन ठेवणे’ याची सर त्यास नाही. वजन म्हणजे कागद उडू नये म्हणून ठेवायचा दगड, वजन म्हणजे वट, आणि वजन म्हणजे पैसा; तिन्ही अर्थ एका शब्दात, आणि बोलणारा नामानिराळा.

या सर्व उदाहरणांत चूक झाली तरी हानी फार तर शैलीची होते. ‘कारणे दाखवा’ या प्रयोगाचे तसे नाही. इंग्रजी विधिव्यवहारातील ‘शो कॉज’चे हे शब्दशः भाषांतर आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला. त्याच्या आगेमागे, शासनव्यवहार मराठीत आणण्याच्या लगबगीत, जे प्रयोग कायम झाले त्यांत हा सर्वांत यशस्वी म्हणावा लागेल. आज ती केवळ नोटीस राहिलेली नाही. ‘त्याला कारणे दाखवा आली’ असे नाम होऊन ती बोलण्यात फिरते. रूढीच्या कसोटीवर हा प्रयोग पूर्ण उतरतो. प्रश्न आहे तो तद्योगाचा, आणि येथे तो नुसता तुटलेला नाही. उलटा झाला आहे.

मराठीत कारण सांगतात, कारण देतात, कारण विचारतात. ‘कारण दाखवणे’ हा प्रयोगही मराठीत आहे, पण त्याचा अर्थ निराळा आहे. ‘आजारपणामुळे तो गैरहजर राहिला’ आणि ‘आजारपणाचे कारण दाखवून तो गैरहजर राहिला’ ही दोन वाक्ये कोणाही मराठी माणसास ऐकवावीत. दुसऱ्या वाक्यात बोलणाऱ्याचा त्या आजारपणावर विश्वास नाही, हे त्याला सांगावे लागत नाही. दाखवलेले कारण म्हणजे पुढे केलेले कारण, सबब. म्हणजे ज्या पत्राने कर्मचाऱ्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावयाची, तेच पत्र मराठी कानाला ‘काढ तुझ्या सबबी’ असे म्हणते. मूळ इंग्रजी कल्पना याच्या अगदी विरुद्ध आहे. बाजू ऐकून घेतल्याशिवाय कोणास दंड करू नये, या नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वातून ती आली. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ मध्ये शासकीय सेवकास म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली आहे, तीही याच तत्त्वावर. प्रत्यक्षात शिपाई असो, लिपिक असो वा अंगणवाडी सेविका, नोटीस हाती पडताच तिला शिक्षाच समजण्याकडे कल असतो, आणि वृत्तपत्रेही ‘कारणे दाखवा बजावली’ हे वृत्त शिक्षेच्या वृत्ताप्रमाणेच छापतात. या समजुतीचे सर्व खापर एका क्रियापदावर फोडणे अतिशयोक्तीचे होईल. कचेरीतील दरारा हे त्याहून मोठे कारण आहे. पण भाषेने त्या दराऱ्याला साथ दिली, हे नाकारता येत नाही.

यातील खरी गंमत अशी की, योग्य शब्द त्याच पत्रात असतो. शीर्षकात ‘कारणे दाखवा नोटीस’ असे लिहून खाली मजकुरात लिहितात : आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा अमुक दिवसांत सादर करावा. खुलासा! कचेरीला हा शब्द पूर्वापार ठाऊक आहे, आणि त्यात मोकळेपणाचा, उलगडून सांगण्याचा भाव आहे. ‘खुलासा मागणारी नोटीस’ असे शीर्षक झाले असते, तर पत्राचा वरचा आणि खालचा भाग एकाच भाषेत बोलला असता. शीर्षक कोशातून आले आणि मजकूर कारकुनाकडून आला, असा हा भेद आहे. त्यात कारकुनाची मराठी सरस ठरली.

याउलट मराठीने इंग्रजीवर मात केल्याचेही एक उदाहरण नोंदले पाहिजे. इंग्रजी ‘ॲक्शन’ हा एकच शब्द अर्जावरील पुढच्या हालचालीसही चालतो आणि अपराध्यावरील दंडासही चालतो. कचेरीच्या मराठीने ‘कार्यवाही’ आणि ‘कारवाई’ असे दोन शब्द वेगळे राखले. अर्जावर कार्यवाही होते, अर्जदारावर कारवाई होते. हा भेद कोणत्याही इंग्रजी नमुन्यात नव्हता. घाईने लिहिणारे लिपिक आणि त्याहून घाईने छापणारी वृत्तपत्रे अलीकडे तो पुसू लागली आहेत, ही मात्र खेदाची गोष्ट आहे. कारण विहिरीच्या अर्जावर ‘कारवाई केली’ असे पत्र आले, तर शेतकऱ्याने काय समजावे?

गेल्या दोन-तीन दशकांत खाजगी कंपन्या, बँका आणि माहिती-तंत्रज्ञानाची कार्यालये यांतून वाक्संप्रदायांची एक नवी लाट आली आहे. तिच्यातील बरेचसे प्रयोग इंग्रजीतच बोलले जातात; त्यांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. मराठीत उतरलेल्यांपैकी दोन-तीन पुरेत. ‘ॲट द एन्ड ऑफ द डे’ याचे ‘दिवसाच्या शेवटी’ असे भाषांतर भाषणांत ऐकू येते. मराठीत दिवसाचा शेवट हा रोकड मोजण्याचा वेळ आहे. दिवसअखेर शिल्लक जुळली की नाही, हे पतपेढीचा रोखपाल पाहतो. ‘दिवसाच्या शेवटी माणूस महत्त्वाचा’ हे वाक्य त्याला चमत्कारिक वाटले तर नवल नाही. ‘अखेर’, ‘सरतेशेवटी’, ‘शेवटी काय’ हे शब्द असताना या प्रयोगाची गरजही नव्हती. ‘आपण सर्व एकाच पानावर आहोत’ याची गत याहून वाईट आहे. पान म्हटले की मराठी माणसाला आधी पंगत आठवते. पान मांडतात, पान वाढतात, पानावर बसतात. एका पानावर दोघे म्हणजे एक तर नवविवाहित, नाही तर वाढप्याची चूक.

‘चेंडू आता सरकारच्या कोर्टात’ हा वृत्तपत्रांचा आवडता मथळा. मूळ खेळ टेनिसचा. परंतु तालुक्याच्या गावी कोर्ट म्हणजे न्यायालय, आणि सरकारही वारंवार तेथेच उभे असते. ज्या वेळी वाद खरोखर न्यायप्रविष्ट असतो, त्या वेळी हा मथळा नेमके काय सांगतो, याचा निर्णय वाचकाने करावा. यासाठी मराठीजवळ ‘टोलवाटोलवी’ हा अस्सल शब्द होता. टोला मारून विटी दुसऱ्याकडे घालवावी, तसे अर्जदाराला या टेबलावरून त्या टेबलाकडे घालवणे त्यात येते, आणि इंग्रजी प्रयोगात नसलेला दोषही त्यात स्पष्ट उमटतो.

यशस्वी झालेला एक नवा प्रयोग मात्र उद्बोधक आहे. ‘आउटसाइड द बॉक्स’ याचे मराठीत ‘चौकटीबाहेरचा विचार’ झाले. खोके गेले, चौकट आली. चौकट हा दाराचा भाग, आणि ‘नियमांच्या चौकटीत बसवणे’ हा कचेरीचा जुना प्रयोग. नवा वाक्संप्रदाय या जुन्या प्रयोगाच्या खांद्यावर चढून आला. ज्याने कोणी हे प्रथम योजले त्याने इंग्रजी शब्दाशी बेइमानी केली आणि म्हणूनच अर्थाशी इमान राखले. कंदिलाच्या बाबतीत जे वस्तूने केले, ते येथे जुन्या प्रयोगाने केले.

यावर एक आक्षेप सहज घेता येईल. ‘हिमनगाचे टोक’ हा प्रयोग महाराष्ट्रात कोठेही हिमनग नसताना कसा रुजला? भीमेत हिमनग तरंगत नाहीत. आक्षेप वजनदार आहे, आणि वरील मांडणीला त्यामुळे मर्यादा पडते. तद्योग अनुभवातूनच यावा असे नाही. तो शालेय भूगोलाच्या पुस्तकातूनही येऊ शकतो. पण असा प्रयोग वाचणाऱ्यांच्या भाषेत राहतो, काम करणाऱ्यांच्या भाषेत उतरत नाही. गैरव्यवहाराच्या बातमीत ‘हिमनगाचे टोक’ असते. त्याच बातमीची चर्चा कचेरीबाहेर चहाच्या टपरीवर होते तेव्हा ‘हे तर काहीच नाही’ एवढ्याने भागते. ‘श्वेतपत्रिका’ही याच जातीची. महाराष्ट्रात २०१२ साली सिंचनावरील श्वेतपत्रिका निघाली तेव्हा हा शब्द घरोघरी गेला. पण लग्नपत्रिका आणि जन्मपत्रिका यांच्या शेजारी तो अजून पाहुणाच आहे.

येथवर आल्यावर कोशकार्याविषयी काही म्हणणे प्राप्त आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून १९३१ सालच्या बडोद्याच्या श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरूपर्यंत, आणि पुढे भाषा संचालनालयाच्या कोशांपर्यंत, राज्यकारभाराच्या मराठीसाठी झालेले परिश्रम प्रचंड आहेत. १९६० च्या दशकात पदनामकोशाची ‘बदनामकोश’ म्हणून जी थट्टा झाली, ती बरीचशी अन्यायाची होती. त्यातील पुष्कळ शब्द आज कोणास खटकत नाहीत. परंतु या परंपरेत एकक शब्द हेच राहिले. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, ही मांडणी पदनामाला चालते; वाक्संप्रदायाला चालत नाही. अधिसूचनेच्या साच्यातील ‘यथास्थिती’, ‘सकृद्दर्शनी’ यांसारखे प्रयोग तिच्यात नीट बसतात, कारण त्यांत लक्षणाच नाही. ‘शो कॉज’ तिच्यात घातला की ‘कारणे दाखवा’ बाहेर पडते.

भाषाशुद्धीच्या वादानेही या प्रश्नाकडे पुरेसे पाहिले नाही. माधवराव पटवर्धनांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ १९३८ साली आला. त्या काळातील वादाचा मुख्य रोख परकीय शब्दांवर होता. त्या रोखाने पाहिले तर ‘लाइन क्लिअर’ भ्रष्ट आणि ‘दिवसाच्या शेवटी’ शुद्ध ठरते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दाते आणि कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ हाताशी असूनही भाषांतरकार तो क्वचित उघडतात, याचे एक कारण त्याची वर्णानुक्रमी रचना. ज्याला इंग्रजी प्रयोगाची मराठी जागा शोधावयाची आहे, त्याला ‘ब’ या अक्षराखाली ‘बासन’ सापडावे तरी कसे? दप्तर, शेत, बाजार, गाडी, पंगत, न्याय अशा कामांच्या क्रमाने तोच संग्रह पुन्हा लावला, तर तो कचेरीच्या उपयोगी पडेल. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना एकेका तालुक्याचे क्षेत्र देऊन हे काम करवून घेता येण्याजोगे आहे.

माढा तालुक्यात अशा संग्रहाला नवा मालही मिळेल. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, या भागात ऊस वाढला, आणि कामाचे तिसरे ठाणे उभे राहिले. गळीत हंगामाच्या निमंत्रणपत्रिकेत ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ छापतात. बोलताना बॉयलर पेटतो आणि मोळी टाकली जाते. मजूर ‘उचल’ घेतात, ‘अग्रिम’ घेत नाहीत. वजनात फसवणे यासाठी इंग्रजीत तराजूवर अंगठा ठेवतात. ऊसपट्ट्यात ‘काटा मारतात’, आणि हा प्रयोग आता उसाच्या पलीकडे, कोणत्याही हिशेबातील लबाडीला लागू होऊ पाहत आहे. तिकडे आणेवारीची पैसेवारी होऊन कित्येक दशके लोटली. पन्नास पैशांच्या आत-बाहेर गावाचे नशीब ठरते, तरी म्हातारी माणसे अजून ‘यंदा आणेवारी किती लागली’ असेच विचारतात. कुर्डुवाडीची अरुंद गाडी या शतकाच्या पहिल्या दशकात रुंद मार्गावर गेली, आणि वाट देण्याचे काम आता विजेचे रंगीत दिवे करतात. कचेरीतील नस्तीही हळूहळू संगणकाच्या पडद्यावर जात आहे. तेथे ती बांधावयास ना फीत लागते, ना रुमाल. तरी ती अडली की लोक म्हणतात, फाईल हलत नाही.